रगड्याने न भरणारी जखम



म्हैसूरच्या पोस्टिंगला दुसरं वर्ष लागलं. इथे मी एनसीसीत पी.आय. स्टाफ आहे. शाळा-कॉलेजातल्या कॅडेटना ड्रिल, हत्यार, नकाशा शिकवायचा आणि कॅम्प चालवायचा, हे माझं काम. पलटणीत समोर जवान असायचे, इथे तेरा-चौदा वर्षांपासूनची पोरं-पोरी आहेत. एवढ्या दिवसांत बघून आणि वाचून माझं एक मत पक्कं झालंय, तेच आज मांडतो. लहानपणी ज्याच्या मनावर घाव बसलाय, त्याला रगडा देऊन सरळ करता येत नाही. आणि जो रोज मुलांसमोर उभा राहतो, मग तो उस्ताद असो की मास्तर, त्याला ही गोष्ट शिकवूनच मुलांसमोर पाठवायला हवं.

दहा दिवसांच्या कॅम्पात असा एखादा कॅडेट हमखास भेटतो. रात्री सगळे झोपले तरी जागाच असतो. मागून खांद्यावर हात ठेवला की दचकून वळतो. जोरात हाक मारली की गोठल्यासारखा उभा राहतो, नाहीतर एकदम अंगावर येतो. आपल्याकडे त्याला लगेच 'ढिल्ला' किंवा 'बदमाश' म्हणून मोकळे होतात. सगळ्यांचं कारण एकच असतं असं मी म्हणत नाही. कुणाला घरची आठवण येते, कुणी नुसताच आळशी असतो. पण काहींच्या मागे घरातली दारू असते, रोजचा पट्टा असतो, किंवा त्याहून वाईट काही असतं.

अशी मुलं किती असतील? केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये एक अहवाल काढला. १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून तो तयार झाला होता, त्यात आपला महाराष्ट्र आणि गोवाही होते. दर तीन मुलांमागे दोघांनी मार खाल्ल्याचं सांगितलं. ५३ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक छळ सोसला होता. हा हिशेब आपल्या समोरच्या स्क्वॉडला लावून बघा.

जवानाच्या मनाची जखम मान्य व्हायलाही फार वेळ लागला. पहिल्या महायुद्धात तोफांच्या माऱ्यातून धडधाकट परतलेले जवान थरथर कापायचे, काहींची वाचा जायची. १९१५ मध्ये चार्ल्स मायर्स या डॉक्टरांनी वैद्यकीय नियतकालिकात 'शेल शॉक' हे नाव वापरलं, तरी कित्येकांवर भित्रेपणाचा शिक्का बसलाच. व्हिएतनामच्या युद्धानंतर, १९८० मध्ये, पीटीएसडी हा आजार अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत आला. म्हणजे पासष्ट वर्षं गेली.

मुलांच्या बाबतीत तर 'लहान आहे, विसरून जाईल' हेच सगळीकडे ऐकू यायचं. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या चौचिला गावात शाळेची बस पळवली गेली. २६ मुलं आणि ड्रायव्हर यांना जमिनीखाली पुरलेल्या ट्रेलरमध्ये कोंडलं होतं. सगळे जिवंत सुटले. डॉ. लेनोर टेर यांनी चार वर्षांनी त्या मुलांना पुन्हा तपासलं, तेव्हा एकही मूल त्या घटनेच्या खुणांपासून मोकळं नव्हतं. पुढे फेलिटी आणि अंडा या डॉक्टरांनी सतरा हजारांहून जास्त प्रौढांकडून बालपणीच्या मारहाण, छळ, घरातलं व्यसन अशा अनुभवांची माहिती घेतली. १९९८ पासून त्याचे निष्कर्ष येत गेले. असे अनुभव जितके जास्त प्रकारचे, तितकं मोठेपणी नैराश्य, व्यसन, आत्महत्येचा प्रयत्न आणि हृदयविकारसुद्धा जास्त.

असं का होतं, हे फौजी माणसाला लवकर कळेल. पोस्टवर पहाटे आणि संध्याकाळी 'स्टँड टू' होतं. सगळे आपापल्या मोर्चात, हत्यार तयार, कान टवकारलेले. काही वेळाने 'स्टँड डाउन' मिळतं आणि चहा येतो. ज्या मुलाला घरातच धोका आहे, त्याच्या मेंदूला स्टँड डाउन मिळतच नाही. छातीत धडधड, झोप उडालेली, प्रत्येक आवाजात शत्रू. अशा मुलावर आपण खेकसलो की त्याच्या लेखी हल्ला सुरू झाला. त्यातून शिस्त येत नाही. ते मूल एक तर आणखी दबतं, नाहीतर उलटून मारतं.

यावर उपचार आहे, आणि तो समजून घ्यायला म्हैसूरसारखं गाव नाही. दसऱ्याला इथे सात तोफांतून एकवीस फैरी झडतात. त्याआधी मिरवणुकीतल्या हत्ती-घोड्यांना त्या आवाजाची सवय करतात. तालमी ठेवतात, माहूत आणि कावाडी शेजारी उभे राहतात, बिथरणाऱ्या हत्तीला मागे ठेवतात. जनावराला थेट ऐन दसऱ्यात तोफेसमोर कुणी उभं करत नाही.

आघातावर केंद्रित वर्तनोपचार म्हणून जी पद्धत आहे, तिचा क्रम साधारण असाच आहे. जुडिथ कोहेन, अँथनी मॅनरिनो आणि एस्थर डेब्लिंजर यांनी ती बसवली. बहुतेक वेळा बारा ते सोळा बैठका लागतात. आधी मुलाला श्वास आणि शरीर शांत करायला शिकवतात. मग भावनांना नावं द्यायला. त्यानंतर हळूहळू, त्याला झेपेल तसं, घडलेलं त्याच्याच शब्दांत सांगू देतात. आई-वडील किंवा सांभाळणारं माणूस यांनाही बरोबरीने शिकवतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत मुलांच्या पीटीएसडीसाठी आघातावर केंद्रित वर्तनोपचार सुचवला आहे. उलट, घटनेनंतर लगेच एका बैठकीत सगळं वदवून घेतल्याने फायदा होत नाही, हेही संशोधनात दिसलंय. म्हणून 'बोल, काय झालं, सगळं सांग' असं कॅडेटच्या मागे लागू नका.

'एवढे डॉक्टर आणायचे कुठून?' हा प्रश्न रास्त आहे. झांबियात लुसाका शहरातल्या अनाथ आणि हलाखीतल्या २५७ मुलांवर हा उपचार तपासला गेला, २०१५ मध्ये निकाल छापून आला. उपचार करणारे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेले साधे कार्यकर्ते होते. तरी मुलांत स्पष्ट सुधारणा झाली. आपल्याकडे बेंगळुरूचं निम्हान्स या विषयात आधीपासून काम करतं. इथे म्हैसूरात स्टॅनली आणि परशुराम या दोघांनी उभी केलेली 'ओडनाडी' संस्था विक्री आणि शोषणातून सोडवलेल्या मुलींना आसरा देते. ओडनाडी म्हणजे कन्नडमध्ये सोबती. अशा मुलाला पहिली गरज त्याचीच असते.

काही जुने उस्ताद म्हणतील, मग काय पोरांना शिस्तच लावायची नाही? लावायची, आणि पक्की लावायची. किल्लारीचा भूकंप आठवा, ३० सप्टेंबर १९९३. भारतीय जैन संघटनेने शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने तिथली बाराशेच्या आसपास मुलं पुण्याला आणून शिकवली. ज्याचं घरच कोसळलं, त्या मुलाला वेळेवर वाजणारी घंटा, ठरलेलं जेवण, ओळखीचे मास्तर याचा केवढा आधार! हवाई बेटांपैकी काउआई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर यांनी कित्येक दशकं मागोवा घेतला. बिकट परिस्थितीत वाढलेल्यांतली एक तृतीयांश मुलं तरीही नीट, जबाबदार माणसं झाली. त्यांच्या आयुष्यात बहुधा कुणीतरी एक भरवशाचं मोठं माणूस होतं. उस्ताद ते माणूस होऊ शकतो. रोज तोच नियम, तोच आवाज, सगळ्यांना सारखा न्याय, आणि चारचौघांत अपमान नाही. मुलाला सुरक्षित वाटतं ते अशा शिस्तीत.

माझं मागणं मोठं नाही. कामठीला एनसीसीचे शिक्षक-अधिकारी तयार होतात, तिथे या विषयाला एक दिवस द्यावा. आम्हा पी.आय. स्टाफलाही पलटणीतून आल्या आल्या तो द्यावा. लक्षणं कशी ओळखायची, काय बोलायचं, काय बोलायचं नाही, कुणाकडे पाठवायचं, एवढं पुरे. उपचार आपण करायचा नाही. टेलि-मानसचा १४४१६ आणि चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हे नंबर प्रत्येक कॅम्पच्या नोटिस बोर्डावर असावेत. आणि लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन मुलाला देऊ नका.

गोळी लागलेल्या जवानाला आपण खांद्यावर घेतो, त्याला 'उठ, दहा चक्कर मार' म्हणत नाही. कॅडेटच्या अंगावर रक्त दिसत नाही, म्हणून त्याच्यासाठी नियम वेगळा का असावा?

जय हिंद.