पटकीचें विष आणि आंतड्याचें दुसरें दार

"जुलाबाच्या रोग्यास पाणी पाजल्यानें जुलाब वाढतात, हें खरें काय?" असा प्रश्न एका वाचक भगिनीनें आम्हांस केला आहे. त्यांच्या घरीं सासूबाई एक सांगतात, डॉक्टर दुसरेंच. आणि या वादांत गेल्या पावसाळ्यांत दोन वर्षांचें मूल कोमेजून गेलें होतें. उत्तरापूर्वीं पटकीचें विष आंतड्यांत करतें तरी काय, हें पाहिलें पाहिजे.

पटकीचा जंतु आंतड्याच्या भिंतीस चिकटतो, पण पेशींत शिरत नाहीं. आंत धाडतो तें आपलें विष. जंतु गाळून काढलेलें नुसतें विषहि आंतडें पाण्यानें भरून टाकतें, हें कलकत्त्याचे डॉ. शंभुनाथ डे यांनीं १९५९ सालीं सशांवरील प्रयोगानें दाखविलें. त्यांचें नांव आपल्या घरांतून फारसें ऐकूं येत नाहीं, याचा आम्हांस विषाद वाटतो.

या विषाचे घटक सहा. पांच मिळून पेशीच्या पृष्ठावरील एका स्निग्ध द्रव्यास घट्ट धरतात. सहाव्याचा तुकडा आंत जाऊन एक कळ अशी दाबून ठेवतो कीं ती सुटत नाहीं. मग पेशींतून क्षार बाहेर वाहतात व त्यांमागोमाग पाणी. मोठ्या माणसाच्या अंगांतून तासाला एक लिटरपर्यंत पाणी असें निघून जाऊं शकतें.

परंतु पेशी मरत नाहीं. साखर व मीठ जोडीनें आंत घेण्याचें तिचें दुसरें दार उघडेंच राहतें आणि त्या जोडीबरोबर पाणीहि आंत येतें. साखर हवी ती गोडीसाठीं नव्हे! १९७१ सालीं बनगांवच्या निर्वासित-छावणींत, शिरेंतून देण्याचें द्रव अपुरें पडल्यावर, डॉ. दिलीप महालनबीस यांनीं हेंच पाणी रोग्यांच्या नातेवाइकांकरवीं पाजविलें. शेंकडा तिसांच्या घरांत गेलेले मृत्यु चारांच्या खालीं आले.

तेव्हां पाणी बंद करूं नये. जुलाब लगेच थांबणार नाहींत, म्हणून धीरहि सोडूं नये. औषधी दुकानांतील पुडी मिळाल्यास उत्तम. नाहींतर एक लिटर उकळून निवविलेल्या पाण्यांत सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धाच चमचा मीठ. मीठ अधिक पडल्यास अपाय होतो. अंगावरचें दूध चालूं ठेवावें. मूल सुस्तावलें, पिईनासें झालें किंवा लघवी थांबली, तर डॉक्टरांकडे तत्काळ न्यावें. सासूबाईंस किंचित् मीठ घातलेली पातळ पेज द्यावयाची असेल, तर ती खुशाल द्यावी. तांदळाच्या पिष्टांतूनहि पोटांत तीच साखर सुटते.