फिरत्या घराचा मुक्काम
महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन, म्हणजे झोपण्या-रांधण्याची सोय असलेल्या फिरत्या घराच्या पर्यटनाचे धोरण जाहीर केले. मात्र सहलीनंतर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीप्रमाणे ओढून न्यावे लागणारे हे मोठे घर ठेवायचे कोठे आणि राखायचे कसे, हा प्रश्न मालकाचाच राहतो. नंदुरबार तालुक्यातील कोरीटसारख्या गावी उन्हाळ्यात पारा ४० अंशांपुढे जातो आणि उन्हाने टायरांचे रबर तडकते. म्हणून शेडखाली लाकडी ठोकळ्यांवर सांगाडा तोलून चाकांवरचा भार उतरवावा, पाण्याच्या टाक्या रित्या कराव्यात, बॅटरी सोडवून ठेवावी, बेअरिंगमध्ये ग्रीस भरावे आणि पावसाळ्यापूर्वी छताचे सांधे सीलंटने, म्हणजे पाणी अडवणाऱ्या लवचिक लेपाने, बुजवावेत. कारण उभ्या गाडीचे नुकसान चालत्या गाडीइतके चटकन ध्यानात येत नाही.