वॉर्डातल्या रोपांना आंबवणी द्या

शेतकरी बंधूंनो, 'लेक नर्सिंगला आहे' हे सांगताना बापाची मान ताठ होते, आणि ती व्हायलाच पाहिजे. फीसाठी म्हैस विकलेली असते, सोसायटीचे कर्ज डोक्यावर असते. पण एएनएमची दोन वर्षे किंवा जीएनएमची तीन वर्षे ही पोर नुसती वर्गात बसत नाही. तिला रुग्णालयात ड्यूटी करावी लागते. तिथे तिच्या मनाचे काय होते, हे आपण कधी विचारले आहे का?

वय अठरा-एकोणीस. काल घरात कोणी अत्यवस्थ झाले तर जिला आपण बाहेर पाठवत होतो, तिच्या डोळ्यांदेखत आज माणूस दगावतो. शाळा सगळी मराठीत झालेली, आणि वॉर्डातली पुस्तके, नोंदी इंग्रजीत. सिस्टर घाईत, डॉक्टर त्याहून घाईत. कळले नाही तरी पुन्हा विचारायचे धाडस होत नाही. 'एवढंही येत नाही?' असे चारचौघांत ऐकावे लागेल, ही धास्ती. त्यात रुग्णासोबत आलेले आपलेच लोक खेकसतात, 'ए पोरी, तुला काय कळतंय, मोठ्या बाईला बोलव!'

ही धास्ती तिच्यापुरती राहत नाही. तणनाशकाचे प्रमाण नीट ऐकू आले नाही आणि गडी लाजेने गप्प बसला, तर पीक जळते. वॉर्डात न विचारलेला प्रश्न खाटेवरच्या माणसाला भोवू शकतो. ते माणूस उद्या आपल्याच घरचे असेल.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाचा अहवाल २०२४ साली आला. त्यांच्या ऑनलाइन पाहणीत उत्तरे देणाऱ्या डॉक्टरकीच्या पदवी विद्यार्थ्यांपैकी २७.८ टक्के जणांनी मानसिक आजार असल्याचे सांगितले. हा आकडा भावी डॉक्टरांचा आहे. पण नर्सिंगच्या मुलींचा वॉर्ड तोच आणि रात्रपाळीही तीच.

कोणी म्हणेल, बोलणी खाल्ल्याशिवाय माणूस घडत नाही. कष्ट हवेतच. पण रोपवाटिकेतले रोप शेतात लावले की पहिले तीन-चार दिवस माना टाकते. तेव्हा आपण त्याला नाजूक म्हणून हिणवत नाही, आंबवणीचे पाणी देतो. या पोरींनाही तेच हवे.

म्हणून फोनवर 'मार्क किती, नोकरी कधी' हे नंतर विचारा. आधी 'जेवलीस का, ड्यूटी कशी गेली' हे विचारा आणि ती बोलेल ते मधे न तोडता ऐका. झोप उडाली, जेवण तुटले, जगण्यात अर्थ नाही असे बोलू लागली, तर अंगावर घेऊ नका. २०२२ साली सुरू झालेल्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, फुकट आहे आणि मराठीतही बोलता येते. तिथे फोन केला म्हणजे वेड लागले, असे होत नाही. धोका वाटला तर लगेच तिच्याजवळ जा, एकटी ठेवू नका, डॉक्टरांना दाखवा.

सरपंच व पोलीस पाटील मंडळींनाही सांगणे आहे. आरोग्य सेवकांवरील हिंसा रोखणाऱ्या राज्याच्या २०१० च्या कायद्यात नर्सिंगचे विद्यार्थीही येतात, हे गावात सांगा. शिकाऊ मुली घरभेटीला आल्या की त्यांना ओसरीवर बसवा, पाणी द्या, नावाने हाक मारा. आणि शिकवणाऱ्या सिस्टर-मेट्रन बाईंनी ड्यूटी संपताना दहा मिनिटे काढून 'काय कळलं नाही ते आता विचारा' एवढे म्हटले, तरी पुष्कळ होईल.