रेवड्यांवरची कुस्ती

तालुक्याची शालेय कुस्ती स्पर्धा. सकाळचे साडेदहा. चौदा वर्षांखालच्या गटातला एक पोरगा मॅटवर गेला, हात मिळवला आणि डोळ्याचं पातं लवतंय तोवर समोरच्यानं पट काढून त्याला चितपट केलं. पंचांनी दुसऱ्याचा हात वर केला. हा पोरगा सरांपाशी आला. रडत नव्हता, नुसता गोंधळला होता.

"सर, संपलं व्हय?"

"संपलं. केळं खा नि बस तिकडं."

शाळेची बाकीची पोरं खेळायची होती आणि जीप एकच. त्यामुळे मिनिटभराच्या कुस्तीसाठी आलेल्या या पोराला संध्याकाळपर्यंत बसणं आलं. तो बसला होता त्याच्याच वर भिंतीवर ऑइलपेंटनं सुविचार लिहिलेला: अपयश ही यशाची पहिली पायरी. दुसरी पायरी कुठं बांधलीय, ते त्या भिंतीवर नव्हतं.

हरण्यातून पोरं शिकतात, हे वाक्य मी स्वतःही बक्षीस समारंभांत फेकलेलं आहे. आता ते म्हणताना जीभ अडखळते. पोरगं हरण्यातून शिकत नाही, हरल्यानंतरच्या कुस्तीतून शिकतं. ती कुस्तीच ठेवली नसेल तर शिकायचं काय आणि कुठं? शालेय स्पर्धेची उतरंड तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी. मी पाहिलेल्या तालुका स्पर्धांत सगळा मामला बाद पद्धतीचा. एकदा हरलात की थेट पुढच्या वर्षी. पावसाळाभर पहाटे उठून काढलेल्या जोर-बैठकांचा हिशेब पहिल्याच मिनिटाला मिटतो.

आमच्याकडे याहून शहाणी पद्धत होती, म्हणजे अजून आहे. कराड, विटा, पलूसकडच्या जत्रांत फडाची सुरुवात लहान पोरांच्या कुस्त्यांनी होते. पूर्वी या कुस्त्या रेवड्यांवर लागायच्या, मग नारळावर, आता दहा-वीस-पन्नास रुपयांवर. जोड लावणारी जाणती मंडळी पोराच्या दंडाकडे, मानेकडे बघून तोलामोलाचा गडी समोर उभा करतात. हलगी कडाडते, अंगावर माती उडते आणि निकाल लागतो. हरलेलं पोरगं लंगोटावरच गर्दीत घुसून भेळ खातं. ते रडलंच, तर वस्ताद पाठीवरची माती झटकत एवढंच सांगतो, "परवा पलीकडच्या गावची जत्रा हाय." चैत्र-वैशाखात मनात आणलं तर एखादं पोरगं दहा-बारा कुस्त्या खेळतं. त्यातल्या सहा हरलं तरी आभाळ कोसळत नाही. पुढची कुस्ती दोन दिवसांवर असल्यामुळे पट कसा निघाला, पाय कुठं राहिला, हे डोक्यात ताजं असतं. हरणं स्वस्त आहे, वरचेवर आहे आणि त्यात अब्रूचा प्रश्न नाही. जिला आपण पोराची जिद्द म्हणतो, तिच्यातला निम्मा वाटा या स्वस्ताईचा आहे असं माझं मत आहे.

आता खाशाबा जाधवांकडे येतो. या विषयावर लिहिताना साताऱ्याच्या माणसाला त्यांच्या दारावरून जाता येत नाही. गोळेश्वरचे खाशाबा १९४८ साली लंडन ऑलिंपिकला गेले आणि फ्लायवेट गटात सहावे आले. मातीतल्या मल्लाला मॅट नवी, आंतरराष्ट्रीय नियम नवे. तिथंच त्यांचं संपलं असतं तर आज कुणाला नावही आठवलं नसतं. चार वर्षांनी हेलसिंकी ऑलिंपिकला जायचं, तर पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. ही हकिकत आपण प्राचार्यांच्या मोठेपणासाठी सांगतो, ते योग्यच. मला त्यात दुसऱ्या संधीची किंमतही दिसते. ती कुणीतरी भरावी लागते, आणि पोराकडं ती कधीच नसते.

१९५२ साली हेलसिंकीला त्यांना मिळालेल्या कांस्यपदकाची एक गोष्ट भाषणांत सहसा येत नाही. खाशाबा तिथं शेवटच्या दोन्ही कुस्त्या हरले. जपानच्या इशीशी दमछाक करणारी झुंज झाली, पुरती विश्रांतीही न मिळता सोव्हिएत संघाच्या मामेदबेकोवसमोर उभं राहावं लागलं आणि भांडायला जवळ आपला एकही अधिकारी नव्हता. तरी पदक मिळालं, कारण तेव्हाच्या नियमांत एक कुस्ती हरली म्हणून मल्ल बाद होत नसे. प्रत्येक कुस्तीचे वाईट गुण साचत आणि ते ठरावीक आकड्याला पोचले की घरी. हल्ली रेपेचाज असतो, म्हणजे अंतिम फेरीत पोचलेल्या मल्लाकडून हरलेल्यांना पुन्हा संधी. साक्षी मलिकचं रिओचं कांस्यपदक उपांत्यपूर्व फेरी हरल्यावर त्याच वाटेनं आलं. जगातल्या सर्वोत्तम मल्लांना हरल्यावर परतायला दार ठेवलंय आणि आमच्या तेरा वर्षांच्या पोराला नाही, हा न्याय मला कळत नाही.

इतर खेळांतही तेच. सांगलीच्या वेटलिफ्टर संकेत सरगरनं २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात स्नॅचमध्ये ११३ आणि क्लीन अँड जर्कच्या पहिल्या प्रयत्नात १३५ किलो उचललं. मग कोपर दुखावलं, पुढचे दोन्ही प्रयत्न फसले. त्याचे २४८, मलेशियाच्या गड्याचे २४९. दुखऱ्या हातानं तिसऱ्यांदा जाणं शहाणपणाचं होतं का, हा वाद वेगळा. पण या खेळात दोन्ही प्रकारांना तीन-तीन प्रयत्न असतात, फसणं नियमातच धरलेलं असतं. साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला सतराव्या वर्षी तिरंदाजीत जगज्जेती झाली, अंतिम फेरीत १५० पैकी १४९. तिथं उपांत्य फेरीत तिनं ज्या ज्योती सुरेखा वेन्नमला हरवलं, तिनंच हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत उपांत्य फेरीतच हिला हरवलं. पण कांस्यपदकाची लढत शिल्लक होती. अदितीनं ती जिंकली.

क्रीडाशिक्षकांपुढं हे बोललं की ते वैतागतात, आणि त्यांचं चुकत नाही. पोरं ढीगभर, पंच चार, दिवस एक. हरलेल्यांच्या कुस्त्या घ्यायच्या तर खर्च कोण देणार? मान्य. पण अंतिम फेऱ्या उरकून पाहुणे येईपर्यंत मॅट मोकळी पडलेली असते, ती मी वर्षानुवर्षं बघतोय. त्या वेळात पहिल्या फेरीत हरलेल्यांच्या जोड्या लावा. पदक देऊ नका, प्रमाणपत्रही नको. रेवड्या वाटा.

त्या दिवशीचंच सांगतो. साडेचारला पाहुणे, हार, भाषणं झाली. मॅट गुंडाळायला माणसं आली. सकाळच्या त्या पोरानं त्याच्यासारखाच हरलेला एक जोडीदार कुठून तरी हुडकून आणला होता. दोघं कोपऱ्यातल्या मॅटच्या शेवटच्या तुकड्यावर भिडली. पंच नाही, शिट्टी नाही. आमचा पोरगा पुन्हा पटातच सापडला, पण या वेळी पाय मागं फेकून निसटला. कितीतरी वेळ दोघं नुसती खडाखडी करत राहिली.

गुंडाळी हातात धरून उभा असलेला माणूस थोडा वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "उरका रं लवकर, टेम्पो थांबलाय."