डॉक्टरांचा बॅकलॉग

बॅकलॉग म्हणजे काय हे होस्टेलवाल्यांना सांगायला नको. एक विषय राहिला की पुढच्या सेमिस्टरला तो मानगुटीवर बसतो. पण निदान आपला सिलॅबस तरी ठरलेला असतो. डॉक्टरांच्या सिलॅबसमध्ये रोज भर पडते आणि परीक्षेची तारीख कोणी सांगत नाही. पेशंट समोर बसला की पेपर सुरू!

"आजकालचे डॉक्टर नवीन काही वाचतच नाहीत" असं आपण सहज बोलून जातो. मला हे पटत नाही. संशोधनापासून दवाखान्यापर्यंत रस्ताच नीट बांधलेला नाही, ही खरी अडचण आहे. उदाहरण लांबचं कशाला, आपल्याच जिल्ह्याचं घेऊ.

ऑक्टोबर 1999 मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात एक मोठा अभ्यास सुरू झाला. बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून तो केला. गावांचे 52 गट पाडले. त्यात 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायका होत्या. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर वेळेत पकडायला कोणती तपासणी चांगली, हा प्रश्न होता. काही गटांत एचपीव्ही या विषाणूची चाचणी केली, काहींत पेशी काचपट्टीवर घेऊन तपासल्या, काहींत पातळ ॲसिटिक ॲसिड लावून डोळ्यांनी पाहिलं. उरलेल्या गटांत नेहमीचेच उपचार ठेवले. (तपासणी न मिळालेल्या या गटावरून पुढे नैतिक आक्षेपही घेतले गेले, आणि तो प्रश्न रास्तच आहे.)

निकाल एप्रिल 2009 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आला. एचपीव्ही चाचणीच्या गटात या कॅन्सरने 34 मृत्यू झाले, तुलनेच्या गटात 64. आयुष्यात एकदा केलेल्या चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर! बाकी दोन तपासण्यांनी मृत्यूंत ठोस घट दिसली नाही. जगभर या अभ्यासाचा दाखला दिला जातो. 2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही एचपीव्ही चाचणीलाच पसंती दिली. आणि आपल्याकडे? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 30 ते 49 वयाच्या बायकांपैकी या कॅन्सरची तपासणी कधी तरी झालेल्या देशभरात जेमतेम 1.9 टक्के निघाल्या.

मग अडलं कुठं?

पहिली गोष्ट, ढीग. वैद्यकीय लेखांची पबमेड नावाची जी सूची आहे, तिच्यात वर्षाला दहा लाखांहून जास्त लेखांची भर पडते. म्हणजे दिवसाला अडीच हजारांच्या वर. ओपीडी संपवून, रात्रीची डिलिव्हरी करून आलेला मेडिकल ऑफिसर त्यातले किती वाचणार?

दुसरी गोष्ट, लेख एकमेकांशी भांडतात. ॲसिटिक ॲसिडच्या तपासणीने मृत्यू 35 टक्के कमी झाले, असं तमिळनाडूतल्या दिंडीगुलच्या अभ्यासाने 2007 मध्ये सांगितलं. मुंबईच्या अभ्यासातून 2013 मध्ये 31 टक्के घट जाहीर झाली. उस्मानाबादचा निकाल मधलाच, आणि तो वेगळा. आता तालुक्याच्या डॉक्टरने कुणाचं ऐकायचं? हे निवडून, पारखून देणारं कोणीतरी मध्ये लागतं.

तिसरी गोष्ट, बातमी आणतो कोण? कंपनीचा एमआर. गुळगुळीत कागदावरची माहिती, वर पेन फुकट. नव्या महाग गोळीला एमआर असतो. ॲसिटिक ॲसिडला नसतो!

राहता राहिली सक्ती. नोंदणीच्या नूतनीकरणासाठी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलला 5 वर्षांत 30 क्रेडिट पॉइंट दाखवावे लागतात. हे बरंच आहे. पण पॉइंट मिळतात हजेरीचे. आपल्या 75 टक्के अटेंडन्सने आपल्याला किती ज्ञान मिळतं, ते आपण जाणतोच.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे, वाचून करायचं काय? चाचणीची सोयच हाताशी नसेल तर तो लेख वाचून डॉक्टरच्या पदरी फक्त चडफड येते. वापरता न येणारं वाचायची सवय हळूहळू सुटतेच. याउलट महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर बघा. विंचूदंशावर प्राझोसिन ही रक्तदाबाची गोळी त्यांनी वापरली आणि 1986 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यावर लिहिलं. गोळी बाजारात आधीपासून होती. वाचणाऱ्या डॉक्टरला ती दुसऱ्या दिवशी देता येत होती.

म्हणून मला वाटतं, "डॉक्टरांनो, वाचा" एवढं म्हणून भागणार नाही. धाराशिवला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथून महिन्याला एक पान मराठीत निघावं. नवीन काय कळलं, किती भरवशाचं आहे, आपल्या केंद्रात काय करता येईल, एवढंच. ते मेडिकल ऑफिसरपासून आशाताईंपर्यंत जावं. पहिल्या पानावर आपल्याच जिल्ह्याचा हा निकाल छापावा. ज्या बायकांच्या जिवावर तो निघाला, त्यांच्या लेकीसुनांना तो कळायला नको का?

आणि आपण इंजिनियर? गोव्याच्या कंपनीचं ट्रूनॅट हे लहानसं यंत्र टीबीच्या तपासणीसाठी देशभर वापरात आहे. एचपीव्हीची चाचणीही त्याच यंत्रावर होऊ शकते. फायनल इयरच्या प्रोजेक्टला विषय शोधत फिरणाऱ्यांनी इकडे जरूर बघावं. चाचणी स्वस्त करणं, नमुना खेड्यातून लॅबपर्यंत नीट पोचवणं, निकाल परत त्याच बाईपर्यंत आणणं, ही कामं आपल्याच ब्रांचची आहेत.

तोवर एक करा. सुट्टीत घरी गेलात की आई, मावशी, काकू यांना एवढंच विचारा, "ही तपासणी कधी केलीय का?" विचारायला लाज वाटेल, पण विचारा.