एक रकाना वाढवा

प्रति,
मा. अध्यक्ष, राष्ट्रीय वैद्यकीय आयोग, नवी दिल्ली
मा. कुलगुरू, महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक

महोदय,

रहिमतपूरच्या माणसाला सीटी-एमआरआय करायचा तर सातारा गाठावं लागतं, नाहीतर कराड किंवा मिरज. परतताना हातात मोठं पाकीट असतं. त्यात काळी फिल्म, इंग्रजी रिपोर्ट आणि त्याच्या तळाशी ठरलेली ओळ, 'क्लिनिकली कोरिलेट', म्हणजे रुग्णाच्या लक्षणांशी ताडून पाहा. कोणाला सीटी खरोखर लागतो, कोणाचं सोनोग्राफीवर भागतं, किरणांचा डोस किती ठेवायचा, हे सगळं संशोधनातून ठरतं. तेव्हा त्या संशोधनाचं मोल तुम्ही कसं करता, हे विचारण्याचा हक्क आम्हा पाकीटवाल्यांनाही आहे.

आजची रीत अशी की प्राध्यापकाला बढती हवी तर शोधनिबंध हवेत, तेही स्कोपस किंवा मेडलाइनसारख्या सूचीतल्या नियतकालिकांत. केंद्र सरकारच्या 'एनआयआरएफ' क्रमवारीत कॉलेजचं पारडं सायटेशनवर, म्हणजे निबंधाचा हवाला इतरांनी किती वेळा दिला यावर, हलतं. युजीन गारफिल्ड यांनी १९५५ साली सायटेशन सूची सुचवली ती मुख्यतः जुनं संशोधन सापडावं म्हणून. आपण तिच्यावर माणसं जोखायला लागलो.

आकडा खोटा नसतो, पण फार थोडं सांगतो. जर्मनीतल्या फ्रायबुर्गमधून २०१५ साली 'यू-नेट' आलं. प्रतिमेतला हवा तो भाग संगणकाने वेगळा काढण्याची ही पद्धत. जो तो ती वापरतो, म्हणून सायटेशन हजारोंनी. उलट, तालुक्याच्या रुग्णालयात एक्स-रे पुन्हा पुन्हा का काढावा लागतो, हे कोणी शोधलं तर त्याचा हवाला कोण देणार? रुग्णाच्या अंगावर पडणारे जादा किरण मात्र तोच निबंध वाचवेल.

आता पुण्याचंच बघा. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक छोटासा निबंध आला. त्यात दोघांचा शेजारी शेजारी फोटो. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. चरबी मोजणाऱ्या डेक्सा स्कॅनने पाहिलं तर युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या अंगात २१.२! वरून सडपातळ दिसणारा भारतीय आतून लठ्ठ असू शकतो, हे त्या एका चित्राने जगाला पटवलं. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनीही आशियाई लोकांनी बीएमआय २३ झाला की सावध व्हावं, असं सुचवलं. आज डॉक्टर काडीपैलवानालाही साखर तपासायला सांगतात. ह्या बदलाची नोंद बढतीच्या कुठल्या फॉर्मात होते?

सायटेशनवर उतारा म्हणून २०१० साली 'अल्टमेट्रिक्स'चा जाहीरनामा निघाला. ट्विट, बातम्या, विकिपीडिया, धोरणांचे दस्तऐवज, सगळं मोजायचं आणि रंगीत कड्यात मांडायचं. त्यातली धोरणांची नोंद मला मोलाची वाटते. छातीचा एक्स-रे संगणकाकडून वाचून क्षयरोग हुडकायला जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये मान्यता दिली; असा दस्तऐवज कोणाचं संशोधन उचलतो, हे जरूर बघावं. बाकी कड्याचं काय सांगावं? गिळलेल्या नाण्याचा एक्स-रे समाजमाध्यमांवर दिवसभर फिरतो आणि कड्यात मोजला जातो, आणि आशाताईंच्या व्हॉट्सअॅप गटात मराठीत पोचलेली कामाची माहिती त्या कड्यात कधीच दिसत नाही.

नियतकालिकाच्या सायटेशनच्या आकड्यावरून माणसाची पारख करू नका, असं सॅन फ्रान्सिस्कोच्या जाहीरनाम्याने २०१२ सालीच बजावलंय. मी तर त्याहून कमीच मागतोय. बढतीच्या अर्जात एक रकाना वाढवा: 'या संशोधनामुळे कोणत्या रुग्णालयात काय बदललं?' खाली तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्याची किंवा एक्स-रे तंत्रज्ञाची सही. हाही रकाना काही जण खोटा भरतील, ठाऊक आहे. पण सही खरी की खोटी, हे एका फोनवर कळतं.

पुढच्या नियमदुरुस्तीत एवढं कराच, ही विनंती.

आपला,
रहिमतपूरचा एक नागरिक