मीठ गुलाबी, सोडियम तेच


शेंदेलोणात ऐंशीहून अधिक खनिजे असतात, म्हणून घरातले साधे मीठ टाकून द्या, असा सल्ला देणारे पत्र आपल्या अंकात वाचले. खनिजे असतील; पण किती? शेंदेलोणही 97-98 टक्के सोडियम क्लोराइडच. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते. तेवढ्या शेंदेलोणातली बाकीची सगळी खनिजे मिळून फार तर 150 मिलिग्रॅम. एका केळ्यात नुसते पोटॅशियमच त्याच्या दुपटीहून जास्त मिळते.

पत्रलेखकांनी चरकसंहितेचा दाखला दिला आहे. चरकांनी सैंधवाला लवणांत श्रेष्ठ म्हटले, हे खरेच. पण पिंपळी, क्षार आणि लवण अति खाऊ नये, असेही त्याच ग्रंथात बजावले आहे. ते मात्र पत्रात राहून गेले!

आणि आयोडीनचे काय? प्रौढ माणसाला ते रोज 150 मायक्रोग्रॅम लागते, गरोदर बाईला त्याहून जास्त. बाजारातल्या आयोडीनयुक्त मिठात ते मुद्दाम मिसळलेले असते, शेंदेलोणात नगण्य. ‘आम्ही समुद्राकाठचे, मासे खातो’ हे रत्नागिरीतले ठरलेले उत्तर. मग शाकाहारी घरांनी काय करायचे? मिठागरातल्या खड्या मिठातही आयोडीन फारसे नसते.

रक्तदाब असलेल्यांनी मिठाचा रंग बदलण्यापेक्षा पापड, लोणचे, खारवलेली सुकी मासळी कमी करावी. उपवासाला शेंदेलोण जरूर वापरा. रोजच्या आमटीत आयोडीनचेच मीठ असू द्या, आणि तेही बेताने.

— एक वाचक, रत्नागिरी